हायड्रेंजियाचा डोळा कसा जपावा
(थंड मुलखात मुलं असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

सोलापुरात विजापूर रोडवरच्या आमच्या नर्सरीत हायड्रेंजियाचं रोप बारा महिने मिळत नाही. तरीही या झाडाविषयी विचारायला दर महिन्याला कुणी ना कुणी येतंच. विचारणारे बहुतेक आईवडील असतात. मुलगा टोरांटोला, लेक शिकागोला, भाची न्यू जर्सीत. घराच्या पायरीशी हौसेनं झाड लावलेलं असतं. पहिल्या वर्षी ताटलीएवढे निळे गुच्छ आले आणि नंतर दोन वर्षं नुसती पानं. काकू मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "याला खत कुठलं घालायला सांगू?"

बहुतेक वेळा खताचा काही संबंध नसतो. त्या झाडाचं फूल हिवाळ्यातच मेलेलं असतं, नाहीतर आपणच ते कात्रीनं कापून टाकलेलं असतं. उभ्या उभ्या काउंटरवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे. याचा फोटो काढून मुलांना पाठवा.

फूल आदल्या वर्षीच तयार होतं

आपल्याकडच्या द्राक्षबागायतदारांना हे चटकन समजेल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात, म्हणजे पुढची फूट जिथून निघते त्या मिटलेल्या कोंबात, घड बांधला जातो आणि तो दिसतो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. मधल्या काळात घड डोळ्यातच झाकलेला असतो, म्हणून तर छाटणीआधी काडी तपासून घेतात. निळा-गुलाबी गोल गुच्छ देणारा हायड्रेंजियाही असाच. यंदा जूनमध्ये जे फूल दिसलं, ते गेल्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काडीच्या टोकाच्या डोळ्यात तयार झालेलं असतं. पुढचा सगळा हिवाळा ते बर्फात, वाऱ्यात, उघड्या काडीवर काढतं. तो डोळा वाचला तर फूल. डोळा गेला तरी मुळापासून नवे फुटवे येतात, झाड हिरवंगार दिसतं, पण फुलाचं नाव नाही.

हे मी चुकीतून शिकलो. आमची थोरली शिकागोजवळ राहते. पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तो ऑक्टोबर होता. आयुष्यभर ऑक्टोबर म्हणजे छाटणी हेच हाताला ठाऊक. तिच्या दाराशी वाळके गुच्छ घेऊन उभं असलेलं झाड पाहिलं आणि सगळ्या काड्या गुडघ्याएवढ्या करून टाकल्या. पुढच्या जूनमध्ये तिनं व्हिडिओ कॉलवर झाड दाखवलं. एकही फूल नव्हतं. तिनं ते झाड पहिल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून आणलं होतं, त्याचं मला फार वाईट वाटलं.

पुढच्या खेपेला एक काडी वाऱ्यानं मोडलेली मिळाली. तिच्या टोकाला करंगळीच्या नखाएवढा जाडसर डोळा होता, बाजूचे डोळे मात्र बारीक आणि टोकदार. टोकाचा डोळा ब्लेडनं उभा चिरला. बाहेरची खवल्यांसारखी पानं बाजूला केली आणि आत फ्लॉवरचा गड्डा मोहरीएवढा करावा तसा दाणेदार फिकट गुच्छ होता. पुढच्या जूनचं अख्खं फूल नोव्हेंबरात तिथं तयार होतं. तुमच्या मुलांनाही एकदा असा एक डोळा चिरून बघायला सांगा. नंतर ते भलत्या वेळी कात्री लावणार नाहीत.

आधी जात ओळखा

हायड्रेंजिया म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या झाडांना ही काळजी लागत नाही. गैरसमज इथंच होतो.

पांढऱ्या फुलांचा निमुळता, शंकूसारखा तुरा येत असेल तर ते पॅनिक्युलाटा. हे सगळ्यांत काटक. उणे ३५-४० अंशाच्या मुलखातही तगतं आणि फूल त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर देतं. याला झाकायचं काही कारण नाही. छाटणी मार्चमध्ये, पालवी फुटण्याआधी. पांढरे मोठे गोल गेंद आणि पातळ, मऊ पान असेल तर ते आर्बोरेसेन्स. त्यातलं अ‍ॅनाबेल हे वाण तिकडे घरोघरी दिसतं. तेही नव्या फुटीवर फुलतं, नियम तोच. मिनियापोलिससारख्या कडक थंडीच्या गावी नवं झाड लावायचं असेल, तर आम्ही याच दोघांतलं एक सुचवतो.

पान कापसाच्या पानासारखं खाचांचं पण तळहाताहून मोठं आणि थंडी सुरू होताना तांबडं होत असेल, तर ते ओकपानी हायड्रेंजिया. ते जुन्या काडीवर फुलतं, म्हणून शरद ऋतूत छाटायचं नाही. त्याचे डोळे बऱ्यापैकी सोसणारे असतात.

आणि जाड, तकतकीत, कातरलेल्या कडांचं पान, गुच्छ निळा, जांभळा किंवा गुलाबी, तर ते मॅक्रोफायला. हे मूळचं जपानच्या किनारी भागातलं, सौम्य थंडीचं झाड. फोटो दाखवून विचारलं जातं ते बहुतेक हेच आणि पुढची सगळी माहिती याच्यासाठी आहे. साधारण उणे १८ ते २३ अंशांच्या खाली याच्या उघड्या डोळ्यांचा भरवसा राहत नाही. २००४ पासून एन्डलेस समर नावाचं वाण बाजारात आहे. ते जुन्या काडीवरही फुलतं आणि नव्या फुटीवरही. थंड गावासाठी ते चांगलं, पण त्याचेही जुने डोळे वाचले तर फूल लवकर आणि भरपूर मिळतं.

आपलं गाव किती थंड, हे अमेरिकेत पिनकोड टाकून बघता येतं. तिथल्या कृषी खात्यानं हिवाळ्यातल्या सरासरी नीचांकी तापमानावरून झोन पाडले आहेत, २०२३ मध्ये नकाशा नवा केला आहे. रोपाच्या चिठ्ठीवर झोन छापलेला असतो. दोन्ही ताडून घ्या. हे रोप घेण्याआधी करायचं काम आहे.

थंडी यायच्या आधी

जुलैनंतर नत्राचं खत बंद. उशिरा दिलेल्या खतानं कोवळी फूट निघते आणि पहिल्याच हिमात ती काळी पडते. छाटायचंच असेल तर फुलं ओसरताच, जुलैअखेरपर्यंत. त्यानंतर कात्री घरात. वाळलेले गुच्छ काडीवर राहू द्या. दिसायला ओसाड वाटतात, पण खालच्या डोळ्यांवर त्यांचं थोडं छत्र असतं.

पाण्याचं मात्र लोक विसरतात. बर्फाच्या मुलखात पाणी कशाला, असं वाटतं. जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही, वर कोरडा वारा काड्या सुकवत असतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये जे होतं तेच तिकडे जानेवारीत होतं. म्हणून जमीन गोठण्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस नसेल तर दोन-तीनदा खोलवर पाणी द्यायला सांगा.

झाकायचं कसं

वेळ महत्त्वाची. पानं गळून गेली, चार-सहा रात्री कडक हिम पडलं, जमीन वरून घट्ट लागायला लागली की झाकायचं. शिकागो-टोरांटोकडे हे नोव्हेंबरअखेरीस येतं. आधी झाकलं तर आत ऊब आणि ओल राहून काड्या कुजतात, शिवाय उंदरासारखे प्राणी घर करतात.

झाडाभोवती चार खुंट्या ठोका आणि कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गोल गुंडाळा. जाळी काडीच्या टोकापेक्षा वीतभर उंच हवी, हे पक्कं लक्षात ठेवा. फूल टोकाच्या डोळ्यात आहे. बुंधा झाकून टोक उघडं ठेवलं तर झाड वाचेल, फूल वाचणार नाही. मग जाळीत कोरडी पानं भरा. ओकची पानं सगळ्यांत चांगली, ती ओली झाली तरी कुरकुरीत राहतात आणि मध्ये हवा धरतात. मेपलची पानं भिजून थापीसारखी बसतात. तीच असतील तर पाइनच्या सुया मिसळा. पानं दाबू नका. ऊब पानांच्या मधल्या हवेची असते. बाहेरून गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधा, वाऱ्याच्या बाजूनं दुहेरी. महिनाभरात पानं खाली बसतात, तेव्हा वरून पुन्हा भर घाला.

प्लास्टिक लावू नका. उन्हात आत गरम होतं, रात्री गोठतं. या रोजच्या खालीवरनं डोळा थंडीपेक्षा लवकर जातो.

वर बर्फ साचला तर साचू द्या, हलका बर्फ चांगली दुलई आहे. पण गाडीच्या वाटेवरचा फावड्यानं ओढलेला बर्फ झाडावर टाकू नये. त्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ असतं.

खरा घात वसंतात होतो

मार्चमध्ये एखादा आठवडा ऊन पडतं. मुलं उत्साहानं जाळी काढतात, डोळे फुगतात, हिरवं टोक दिसतं. आणि एप्रिलच्या शेवटी एका रात्री पारा शून्याखाली तीन-चार अंश जातो. जो डोळा जानेवारीत उणे पंधरा सोसून बसला होता, तो जागा झाल्यावर उणे चारमध्ये जातो. न्यू जर्सीसारख्या सौम्य भागातही फुलं हुकतात ती याच कारणानं.

म्हणून घाई नको. एप्रिलमध्ये वरची थोडी पानं काढा, आठवड्यानं आणखी थोडी. पूर्ण उघडं व्हायला दोन-तीन आठवडे लागू द्या, शक्यतो ढगाळ दिवस बघून. मेच्या मध्यापर्यंत हवामानाचा अंदाज रोज बघायचा आणि हिमाची रात्र असेल तेव्हा पांघरूण घालायचं. आपल्यापैकी कुणाच्या मुलांकडे इथून नेलेली सोलापुरी चादर नाही? जुनी झालेली एक त्यासाठी ठेवा. मात्र ती थेट डोळ्यांवर टाकू नका. दवानं भिजली की जड होते आणि कोवळं टोक मोडतं. चार काठ्या रोवून त्यावर तंबूसारखी घाला, कडा जमिनीला टेकू द्या, सकाळी ऊन आलं की काढा.

मेच्या शेवटापर्यंत काडी वाळकी दिसली तरी कापू नये. नखानं साल जरा खरवडून बघा. आत हिरवं असेल तर काडी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल, तर जिवंत डोळ्याच्या वर इतपतच कापा.

कुंडीत असेल तर

कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब नसते. पानं गळल्यावर कुंडी गॅरेजमध्ये न्या, जिथं हीटर नाही पण पाणी गोठत नाही, साधारण ० ते ७ अंश. तीन-चार आठवड्यांनी घोटभर पाणी. ऊबदार दिवाणखान्यात आणून ठेवू नका. या झाडाला सहा ते आठ आठवडे थंडीची झोप लागते, त्याशिवाय डोळे नीट उघडत नाहीत. डाळिंबाला बहारासाठी पाण्याचा ताण द्यावा लागतो, तसा याला थंडीचा ताण.

रंगाविषयी थोडंसं

मातीत आम्लता असेल, सामू (पीएच) ५.५ च्या खाली, तर झाडाला अ‍ॅल्युमिनियम मिळतं आणि फूल निळं होतं. चुनखडीच्या मातीत तेच झाड गुलाबी. गंजलेले खिळे पुरून निळं होत नाही, कारण लोखंडाचा इथं संबंध नाही. पांढरे वाण पांढरेच राहतात.

आणि आपल्या सोलापुरात?

कुणी हिल स्टेशनहून फुललेली कुंडी आणतं आणि मेमध्ये ती जळते. आम्ही हे रोप आग्रहानं विकत नाही. आपली काळी माती चुनखडीची, पाणी जड, उन्हाळा ४२-४४ अंशांचा आणि डिसेंबरची थंडी याच्या झोपेला अपुरी. पानं पिवळी होऊन शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ती लोहाची कमतरता या मातीमुळेच. फुललेली कुंडी आणलीच तर पूर्वेच्या सकाळच्या उन्हात ठेवा, पावसाचं साठवलेलं पाणी घाला. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या सुमारास घेतलेली कुंडी होळीपर्यंत शोभा देईल, तेवढ्यासाठी घ्या. दारात कायमचे गुच्छ हवे असतील तर पेंटास किंवा मधुमालती लावा, ती इथं जिवानं फुलतात.

आणखी एक. परदेशी जाताना किंवा येताना सामानातून याच्या काड्या नेऊ-आणू नका. परवाना आणि रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय झाडाचे भाग नेता-आणता येत नाहीत. पानांत विषारी द्रव्य असतं, तेव्हा लहान मुलं, कुत्रं, शेळी यांच्या तोंडी जाऊ देऊ नका.

तुमच्या मुलांच्या झाडाबद्दल विचारायला आलात तर तीन फोटो घेऊन या. एक पूर्ण पानाचा, एक वाळलेल्या गुच्छाचा आणि एक काडीच्या टोकाचा अगदी जवळून. शेवटचा फोटो नोव्हेंबरातला असेल तर पुढच्या जूनमध्ये फूल धरलं आहे की नाही, ते आम्ही काउंटरवरच बघून सांगू. त्याचे पैसे घेत नाही.