नागालँडच्या शहरांत बायकांच्या जागा: २० वर्षांच्या खोळंब्यामागचा इतिहास

२६ जून २०२४ रोजी नागालँडमधल्या २४ शहरांनी आपापल्या परिषदेसाठी मतदान केलं. त्याआधीचं मतदान २००४ सालचं. त्या वेळी निवडून आलेल्यांची मुदत संपली आणि शहरं सरकारने नेमलेल्या प्रशासकांकडे गेली, ती तिथेच राहिली. मुख्य कारण होतं स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा. बाकी देशात नगरपालिकांना घटनेत स्थान देणाऱ्या ७४व्या घटनादुरुस्तीनंतर ही तरतूद फारशी खळखळ न होता अमलात आली. इथे तिच्यापायी माणसं मेली, सरकारी इमारती पेटल्या, एका मुख्यमंत्र्याला पायउतार व्हावं लागलं.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. नागा जमातींची डोंगरातली गावं स्वतंत्र होती आणि गावागावांत वैर असे. डोंगरउतारावरच्या झूम शेतीत, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीत, पेरणी आणि खुरपणी बायकांची, विणकामही त्यांचंच. कुळाची जमीन मात्र मुलीकडे जात नसे, कारण ती लग्न करून दुसऱ्या कुळात जाणार. गावच्या सभेत तिला जागा नव्हती. याच समाजात एक उलटी वाटणारी प्रथाही होती. तांगखुल नागांमध्ये एका गावातून दुसऱ्या गावात दिलेली बाई दोन्ही गावांच्या लढाईत मधे उभी राहू शके, आणि तिच्यावर कोणी हात उचलत नसे. लढाई थांबवण्याचा अधिकार तिचा, तहाच्या अटी ठरवण्याचा पुरुषांचा. पुढचं सगळं वाचताना ही विभागणी ध्यानात ठेवावी.

इंग्रजांनी १८७३ मध्ये इनर लाइन, म्हणजे बाहेरच्यांना परवान्याशिवाय ओलांडता न येणारी रेषा, आखली आणि डोंगर ‘सरहद्द’ झाले. १९२०च्या दशकात तिथल्या प्रशासकांनीच एकेका जमातीवर जाडजूड ग्रंथ लिहिले. रूढी म्हणून आज जे पुढे केलं जातं, त्यातलं बरंचसं तिथे पहिल्यांदा कागदावर आलं, आणि ते सांगणारे होते गावबुरा आणि दोभाषी, म्हणजे सरकारने मानलेले गावप्रमुख आणि दुभाषे. सगळे पुरुष. त्याच राजवटीविरुद्ध उभी राहिलेली राणी गाइदिनल्यू १९३२ मध्ये पकडली गेली तेव्हा १७ वर्षांची होती आणि देश स्वतंत्र झाल्यावरच सुटली. तिचं नाव भाषणांत नेहमी येतं. तिच्यामुळे सभेचं दार मात्र कोणासाठी उघडलं नाही.

१ डिसेंबर १९६३ रोजी राज्य झालं आणि त्यासोबत घटनेत कलम ३७१-अ आलं. खरा गुंता इथे आहे, म्हणून जरा थांबायला हवं. नागांच्या धार्मिक व सामाजिक प्रथा, रूढीचा कायदा आणि त्याची कार्यपद्धती, त्या कायद्याने होणारा न्यायनिवाडा, आणि जमिनीची मालकी व हस्तांतरण या चार बाबींत संसदेचा कायदा इथे लागू होणार नाही. विधानसभेने तसा ठराव केला तरच होईल, असं हे कलम सांगतं. अनेक वर्षांच्या सशस्त्र बंडानंतर मिळालेलं हे आश्वासन आहे. त्याला धक्का लागतोय म्हटलं की तिथला माणूस बिथरतो, आणि त्यात नवल नाही.

घटनेतल्या पंचायतींच्या भागातून नागालँड, मेघालय आणि मिझोराम ही राज्यं नाव घेऊन वगळलेली आहेत. नगरपालिकांच्या भागात तशी वगळणूक नाही. तिथली सवलत अनुसूचित क्षेत्रं आणि सहाव्या अनुसूचीतले आदिवासी भाग यांनाच आहे आणि नागालँड त्या दोन्हींत बसत नाही. म्हणजे गावाला आरक्षण नाही, शहराला आहे. विरोधकांचं म्हणणं होतं की ३७१-अ असताना हा भाग आपोआप लागू होऊच शकत नाही. बाजूने बोलणाऱ्यांचा सवाल साधा होता: नगरपालिका ही नागांची रूढीची संस्था कधी होती? ती कायद्याने जन्माला आली. तिच्यात कोणी बसावं हे रूढी कशी ठरवणार? मला या सवालाचं समाधानकारक उत्तर कुठे वाचायला मिळालेलं नाही. गावसभेत बाई नाही म्हणून शहराच्या परिषदेतही नको, इतकंच ऐकू येतं. त्यातही गावविकास मंडळांत १९८०च्या दशकापासून एकचतुर्थांश सदस्य स्त्रिया असतात, तेव्हा रूढी मोडल्याची ओरड झाली नव्हती.

विरोधाला दुसरी बाजू होती हेही सांगायला हवं. २००१च्या नगरपालिका कायद्यात जमीन आणि इमारतींवर कराची तरतूद होती. जमिनीवर कर कधीच न भरलेल्या समाजाला तो मालकीवरचा घाला वाटला. एकतृतीयांश जागांचं कलम याच कायद्यात २००६ मध्ये घातलं गेलं आणि दोन्ही राग एकत्र मिसळले. रस्त्यावर उतरलेल्यांपैकी किती जण कराविरुद्ध होते आणि किती बायकांविरुद्ध, हे वेगळं काढणं अवघड आहे. घोषणा मात्र आरक्षणाविरुद्धच्याच जास्त गाजल्या.

आरक्षणासह निवडणूक व्हावी म्हणून ज्या बायका कोर्टात गेल्या, त्यांच्यामागे ८०-९०च्या दशकांतलं मोठं काम होतं. १९८४ मध्ये मातांची एक संघटना उभी राहिली, सुरुवातीला दारू आणि अमली पदार्थांविरुद्ध. १९८९च्या दारूबंदी कायद्यामागे चर्चच्या जोडीला बायकांचा रेटाही होता. १९९४ मध्ये ‘आता आणखी रक्त सांडू नका’ अशी मोहीम निघाली. बंडखोरांचे भूमिगत गट आपसात मारामाऱ्या करत होते, लष्कराचा धाक वेगळाच. या बायका छावण्यांत जाऊन सगळ्या गटांच्या पुढाऱ्यांना भेटल्या, बेवारस मृतदेहांवर शाल पांघरून त्यांना माती दिली. केंद्र सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या १९९७च्या युद्धबंदीपर्यंतच्या वाटेत त्यांचा वाटा सगळेच मान्य करतात. आई म्हणून त्यांना कोणी अडवलं नाही. सदस्य व्हायचं म्हटल्यावर अडवलं.

२०११ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने निवडणूक घ्या असं सांगितलं. २०१२ मध्ये खंडपीठाने तो आदेश फिरवला. त्याच वर्षी विधानसभेने नगरपालिकांचा भाग लागू न करण्याचा ठराव केला. एप्रिल २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाच्या निकालाला स्थगिती दिली, नोव्हेंबरमध्ये विधानसभेने स्वतःचा ठराव मागे घेतला आणि १ फेब्रुवारी २०१७ ही मतदानाची तारीख ठरली. जमातींच्या शिखर संस्थांनी बंद पुकारले, उमेदवारांवर माघारीसाठी दबाव आणला. ३१ जानेवारीला दिमापूरमध्ये पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण ठार झाले. दोन दिवसांनी कोहिमात नगरपालिकेची इमारत जाळली गेली. निवडणूक रद्द झाली.

मार्च २०२३ मध्ये तर विधानसभेने २००१चा नगरपालिका कायदाच रद्द केला, तोही ३९ परिषदांच्या निवडणुकीची तारीख जाहीर झालेली असताना. योगायोग असा की अवघ्या महिन्याभरापूर्वी त्याच सभागृहात राज्याच्या इतिहासातल्या पहिल्या दोन आमदार बायका निवडून आल्या होत्या. ६० जणांचं सभागृह, ६० वर्षांचं राज्य. लोकसभेत एक स्त्री १९७७ मध्येच गेली होती, त्यामुळे ‘लोक बाईला मत देत नाहीत’ हे कारणही पुरतं खरं नव्हतं. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द करण्याला स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये नवा कायदा आला.

नव्या कायद्यात तडजोड स्पष्ट दिसते. जमीन-इमारतींचा कर काढला. सदस्यांच्या एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवल्या. अध्यक्षपदाचं आरक्षण मात्र काढून टाकलं. बातम्यांत याला सर्वमान्य तोडगा म्हटलं गेलं. सर्वमान्य म्हणजे कोणाला मान्य, हे विचारायला हवं होतं.

निकालात २७८ पैकी १०२ जागांवर स्त्रिया आल्या, म्हणजे राखीव वाट्यापेक्षाही थोड्या जास्त. काही जणी खुल्या जागांवर पुरुषांना हरवून आल्या. ३९ पैकी उरलेल्या परिषदा बहुतेक पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांतल्या. तिथे वेगळ्या ‘फ्रंटियर’ प्रदेशाच्या मागणीसाठी बहिष्कार होता आणि कोणाचाही उमेदवारी अर्ज टिकू दिला गेला नाही. त्या शहरांतल्या बायकांच्या राखीव जागा तेव्हा कागदावरच राहिल्या, आणि या वेळी अडथळा आरक्षणाचा नव्हताच.