चढावर वाहिलेले पाणी

अल्जीरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, तासिली नाज्जेर पठारावर, वालुकाश्माच्या उघड्या लाद्यांवर नांगराच्या तासांसारख्या सरळ, समांतर खाचा आहेत. १९६०च्या दशकाच्या आरंभी तेलाच्या शोधात हिंडणाऱ्या फ्रेंच भूवैज्ञानिकांनी त्या हिमनद्यांच्या खुणा असल्याचे ओळखले. सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वी, ऑर्डोव्हिशियन कालखंडाच्या अखेरीस, आजचा सहारा दक्षिण ध्रुवाच्या परिसरात होता आणि त्यावर बर्फाचे जाड आवरण होते. (चंद्रपूरजवळ इरई येथे चुनखडीवर असेच ओरखडे आहेत, मात्र ते पुष्कळ नंतरच्या, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमयुगाचे.)

खाचा बर्फाने पाडल्या, परंतु खडकांची रचना ज्याने खऱ्या अर्थाने बदलली ते बर्फाखालचे पाणी होते. भूगर्भातील उष्णतेने आणि घर्षणाने हिमस्तराचा तळ वितळत राहतो, आणि किलोमीटरभर जाडीच्या बर्फाखाली या पाण्यावर हवेच्या दाबाच्या जवळपास ९० पट दाब येतो. असे कोंडलेले पाणी जमिनीचा उतार पाहत नाही. बर्फ जिथे पातळ होत जातो त्या कडेकडे ते सरकते आणि वाटेत चढ आला तर तोही चढते, जसे दाबाच्या नळाचे पाणी वरच्या मजल्यावर पोहोचते.

त्यामुळे अल्जीरिया व लिबियात या पाण्याने कोरलेल्या, काही किलोमीटर रुंद आणि कित्येक ठिकाणी २०० मीटरांहून खोल दऱ्यांचा तळ नदीप्रमाणे एका दिशेने उतरत नाही, तो खालीवर होत जातो. त्या एकाच महापुराने कोरल्या की हळूहळू, हा वाद जुना आहे. त्यांतील गाळात कोरण्याच्या आणि भरण्याच्या अनेक फेऱ्या दिसत असल्याने मला दुसरे मत अधिक पटते.

बर्फ मागे हटताना या दऱ्या वाळूने भरल्या, आणि त्याही इतक्या घाईने की कणांमधल्या पाण्याला निघायला सवडच मिळाली नाही. नंतर ते वरच्या थरांना फोडत निसटले. म्हणून या वालुकाश्माच्या कापलेल्या बाजूवर एकावर एक ठेवलेल्या उथळ बशांसारख्या रेषा आणि चुरगळलेल्या कापडासारख्या वळ्या दिसतात. पुढे समुद्र वर आला आणि त्यावर सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असा काळा चिखल साचला. त्या चिखलातून तयार झालेले खनिज तेल खालच्या सच्छिद्र वाळूत मुरले. त्यामुळेच तेथे विहीर खोदण्यापूर्वी बर्फाखालचे ते पाणी नेमके कुठून वाहिले, याचा नकाशा आधी काढावा लागतो.