नेमाडे, भालचंद्र वनाजी
(27 मे 1938– ). मराठी कादंबरीकार, कवी व समीक्षक. जन्म खानदेशातील सांगवी (ता. यावल, जि. जळगाव) येथे, शेतकरी कुटुंबात. पुण्याच्या फर्ग्युसन व डेक्कन महाविद्यालयांत शिक्षण. पुढे मुंबई विद्यापीठातून इंग्रजी विषयात एम.ए. महाराष्ट्रात, गोव्यात व लंडनमध्ये अध्यापन. साठच्या दशकात ‘वाचा’ या अनियतकालिकाचे संपादन.

‘कोसला’ (1963) ही पहिली कादंबरी. सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृह, परीक्षा, उधारी यांतून जाऊन पदवीविना गावी परततो, एवढेच कथानक. खरे नावीन्य निवेदनात आहे. प्रथमपुरुषी कथनात मध्येच रोजनिशी येते, इतिहासलेखनाचे विडंबन येते. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ हे शब्द विधानाला ठामपणा येऊ देत नाहीत. त्यामुळे तत्पूर्वीच्या कादंबरीतील अलंकृत, भावविवश गद्य इथे टिकतच नाही. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूच्या प्रकरणात मात्र हीच तुटक भाषा असह्य दुःख पेलते. नंतरच्या अनेक अनुकरणांत हे दोन शब्द आले, त्यांमागचा संशय आला नाही. ती लकब होऊन बसली.

या शैलीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही समीक्षक अमेरिकन लेखक सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीकडे बोट दाखवतात. तरुण निवेदक, शिक्षणसंस्थेविषयीची चीड व बहिणीवरील माया ही साम्ये खरीच. परंतु छोटी वाक्ये, बोलीचा ओघ आणि प्रसंगांची सुटी मांडणी महानुभाव पंथाच्या जुन्या मराठी गद्याशी, विशेषतः चक्रधरांच्या आठवणी सांगणाऱ्या ‘लीळाचरित्रा’शी, अधिक जवळची वाटते. सांगवीकराला परत घेणारे एकत्र कुटुंब, शेती व वडिलांची सत्ता यांचा उलगडाही परक्या नमुन्यावरून होत नाही. निवेदकाच्या आडनावात लेखकाचे गाव असल्याने कादंबरी आत्मचरित्र म्हणून वाचली जाते. तसे वाचल्यास तिच्यातील विडंबन निसटते.

‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ व ‘झूल’ (1975–79) हे चतुष्टय याच क्रमाने वाचावे. चांगदेव पाटील हा प्राध्यापक एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जातो, तसे शिक्षणक्षेत्रातील जातकारण व संस्थाचालकांची मुजोरी उघडी पडत जाते. निवेदन इथे तृतीयपुरुषी आहे. ‘कोसला’च्या सुराची अपेक्षा धरणाऱ्यांना ते रूक्ष वाटते, समाजचित्रणाचा आवाका मात्र पुष्कळ मोठा आहे.

‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (2010) ही नियोजित मालेतील पहिली कादंबरी. मोहेंजोदडोच्या उत्खननावरील संशोधक खंडेराव वडिलांच्या आजारपणामुळे मोरगावला परततो. या प्रवासात आठवणी, लोककथा, शेती आणि पुरातत्त्व थरांप्रमाणे एकमेकांवर रचत जातात. कथानकाचा धागा सरळ पकडू पाहणारा वाचक सुरुवातीलाच अडखळतो.

समीक्षेत त्यांनी देशीवाद, म्हणजे साहित्य आपल्या भूमीत, भाषेत व परंपरेत रुजलेले असावे हा विचार, मांडला. ‘टीकास्वयंवर’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘मेलडी’ (1970) व ‘देखणी’ (1991) हे कवितासंग्रह. पद्मश्री (2011) व 2014 चा ज्ञानपीठ पुरस्कार. वि. स. खांडेकर, वि. वा. शिरवाडकर व विंदा करंदीकर यांच्यानंतर ज्ञानपीठ मिळालेले ते चौथे मराठी लेखक.