बरोबरीचा गोल जास्त का सलतो?

२० डिसेंबर २०१५ची संध्याकाळ. मडगावला लागून असलेलं फातोर्ड्याचं स्टेडियम आणि इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना: एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन एफसी. चौपन्नाव्या मिनिटाला चेन्नईने गोल केला, चारच मिनिटांत हाओकिपने तो फेडला आणि ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोव्याला २-१ असं पुढे नेलं. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, हातात तीन मिनिटं. मी टीव्हीसमोर होतो आणि सामना संपल्यात जमा करून फोन हातात घेतला होता.

पुढे काय झालं ते माझ्या डोक्यात कोरलेलं होतं: गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल (स्वतःच्याच जाळ्यात गेलेला चेंडू) लागला आणि गोवा हरला. गेली कित्येक वर्षं मी हे असंच सांगत आलोय. हा लेख लिहायला बसलो तेव्हा सहज म्हणून सामन्याचा तपशील काढला आणि चपापलो. कट्टीमनीच्या स्वयंगोलाने गोवा हरला नव्हता. त्या गोलाने २-२ झाले होते. हरवलं ते त्यानंतर भरपाईच्या वेळेत, म्हणजे वाया गेलेल्या वेळेपोटी नव्वद मिनिटांनंतर मिळणाऱ्या मिनिटांत, चेन्नईच्या स्टिव्हन मेंडोझाने केलेल्या गोलाने. निकाल ३-२. म्हणजे ज्या गोलाने करंडक गेला, तोच माझ्या आठवणीतून गायब!

आधी वाटलं, आपलीच स्मरणशक्ती गंजली. मग फुटबॉलमधले गाजलेले पराभव एकेक करून आठवून पाहिले, आणि यात मी एकटा नसावा अशी शंका यायला लागली.

माद्रिदच्या अ‍ॅटलेटिको क्लबचंच पाहा. ‘एल पुपास’ हे या क्लबचं जुनं टोपणनाव. अर्थ साधारण ‘सतत कुठेतरी लागून घेणारा’, आपल्याकडे करंटा म्हणतात तसा. या नावामागे एक सामना आहे. १५ मे १९७४, ब्रसेल्स, युरोपियन कपची अंतिम फेरी, समोर बायर्न म्युनिक. जादा वेळेत (बरोबरी सुटावी म्हणून खेळवलेल्या अर्ध्या तासात) ११४व्या मिनिटाला लुईस आरागोनेसने फ्री किकवर गोल केला. करंडक आलाच होता. अगदी अखेरच्या क्षणी बायर्नचा बचावपटू श्वार्झेनबेक याने लांबून फटका मारला आणि १-१ झाले. तेव्हा अंतिम सामन्याला पेनल्टी शूटआउट नव्हतं, म्हणून दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळवला गेला आणि तो बायर्नने ४-० असा सहज जिंकला. आता गंमत अशी, की त्या चार गोलांबद्दल कुणी हळहळत नाही. हळहळ आहे ती श्वार्झेनबेकच्या एका फटक्याबद्दल, ज्याने अ‍ॅटलेटिको हरला नव्हताच.

चाळीस वर्षांनी, २४ मे २०१४ला, लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीगच्या (युरोपियन कपचंच हे नवं नाव) अंतिम सामन्यात हेच पुन्हा घडलं. यावेळी समोर शहरातलाच रेआल माद्रिद. ३६व्या मिनिटाला गोदिनने गोल केला आणि ती आघाडी अ‍ॅटलेटिकोने भरपाईच्या वेळेपर्यंत जिवापाड जपली. घड्याळात ९२ मिनिटं ४८ सेकंद असताना मोद्रिचच्या कॉर्नरवर सर्जिओ रामोसने हेडर मारला. जादा वेळेत बेल, मार्सेलो आणि रोनाल्डो यांचे गोल झाले, निकाल ४-१. पण माद्रिदमध्ये ‘९२:४८’ हा आकडा पुरतो. रेआलवाले तो मिरवतात, अ‍ॅटलेटिकोवाले ऐकून तोंड फिरवतात. निकालाचा आकडा मात्र अनेकांना विचार करून सांगावा लागतो.

सामना हरतो एका क्षणी आणि मनात कोरला जातो दुसराच. असं का?

यातली पहिली किल्ली माकडांच्या मेंदूत सापडते. १९९०च्या दशकात वोल्फ्राम शुल्त्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचं काम मोजलं. ठरावीक खूण दिसली की थोड्या वेळाने फळांचा रस मिळतो, हे माकडांना शिकवलं होतं. रस अनपेक्षितपणे मिळाला की या पेशी जोरात काम करायच्या. मिळणारच म्हणून मिळाला, तर त्यांना विशेष काही वाटायचं नाही. आणि मिळणारच असं असताना नाही मिळाला, तर बरोबर त्या अपेक्षित क्षणी त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जायचं. म्हणजे या पेशी बक्षीस मोजत नव्हत्या. अपेक्षा आणि वास्तव यांच्यातलं अंतर मोजत होत्या.

आता लिस्बनला परत या. समजा ९२व्या मिनिटाला कुणी अ‍ॅटलेटिकोच्या चाहत्याला जिंकण्याची शक्यता विचारली असती, तर त्याने शंभरात पंच्याण्णव सांगितली असती. रामोसच्या हेडरने ती एका सेकंदात निम्म्यावर आली. उरलेली निम्मी जादा वेळेच्या अर्ध्या तासात थोडी थोडी झिजत गेली, आणि तोवर मन ‘आता काही खरं नाही’ म्हणून तयार झालं होतं. कड्यावरून पडणं आणि उतारावरून घसरत येणं, खाली पोचायचं ते दोन्हीकडून. अंगावर खूण राहते ती कड्याची. (आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, आणि माकडावरून माणसावर उडी मारताना जपून मारावी, हेही मान्य.)

‘जवळजवळ मिळालं होतं’ या भावनेचा चटका वेगळाच असतो, हे मात्र माणसांमध्येही दिसलं आहे. १९९५मध्ये मेडवेक, मेडी आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या आणि चेहऱ्यावरच्या आनंदाला दहापैकी गुण द्यायला सांगितलं. निकाल लागला त्या क्षणी कांस्यपदकवाल्यांना सरासरी ७.१ गुण मिळाले आणि रौप्यवाल्यांना ४.८. तिसऱ्याला दिसत होतं, थोडक्यात पदक हुकलं असतं. दुसऱ्याला दिसत होतं, थोडक्यात सोनं हुकलं. अंतिम सामना हरलेल्या संघाचा चाहता जन्मभर त्या रौप्यपदकवाल्याच्या चेहऱ्याने फिरतो.

दुसरी किल्ली शरीरात आहे. तणावाच्या क्षणी अ‍ॅड्रेनलिन उसळतं, मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग जागा होतो आणि शेजारच्या, आठवणी पक्क्या करणाऱ्या हिप्पोकॅम्पसला जणू बजावतो की हे नीट जपून ठेव. हा तणाव काही लटका नसतो. ३० जून १९९८ला विश्वचषकात इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टींवर हरला. त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत इंग्लंडमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण नेहमीपेक्षा २५ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. २०१४च्या विश्वचषकात ब्राझीलमध्ये संशोधकांनी चाळीस चाहत्यांच्या लाळेचे नमुने घेऊन त्यातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजलं. जर्मनीने ब्राझीलला ७-१ ने चिरडलं त्या सामन्याचेही नमुने त्यात होते. ज्यांची संघाशी नाळ सर्वांत घट्ट, त्यांच्यात ताण सर्वांत जास्त होता.

इतका ताण, इतकी उसळी, तर मग आठवण पक्की बसायला हवी. मग मी मेंडोझाला विसरलो कसा?

कारण ठळक आठवण आणि अचूक आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर यानाचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नाइसर यांनी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात’ हे लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. चौथा हिस्सा विद्यार्थ्यांचं उत्तर सगळ्याच मुद्द्यांवर चुकलं, आणि चुकणारेही छातीठोकपणे चुकले. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी काहींची नवी आठवण जागची हलेना.

नेदरलँड्समधला प्रकार तर याहून मासलेवाईक. ऑक्टोबर १९९२मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान रहिवासी इमारतींवर कोसळलं. नंतर संशोधकांनी लोकांना विचारलं, विमान आदळतानाचं दृश्य तुम्ही टीव्हीवर पाहिलंत का? निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले. तसं दृश्य कुणीच चित्रित केलेलं नव्हतं.

आठवण ही कपाटातून काढून पुन्हा जागेवर ठेवायची वही नाही. काढली की पानं ओली होतात. २०००मध्ये करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवून दिलं, की जुनी, पक्की झालेली भीतीची आठवण पुन्हा जागवली तर ती काही काळ कच्ची होते आणि तिला नव्याने घट्ट व्हावं लागतं. मी तो सामना चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, नव्या ओळखीत किती वेळा सांगितला असेल! दर वेळी गोष्ट थोडी आटोपशीर होत गेली. ऐकणाऱ्याला दोन गोल समजावण्यापेक्षा एक पुरतो. त्यात स्वयंगोलाला एक चेहरा आहे, एक नाव आहे. मेंडोझाचा गोल हे प्रतिस्पर्ध्याचं कौतुक झालं, आणि आपल्या रडगाण्यात त्याला जागा कशाला?

चेहरा चिकटला की आठवण सुटत नाही. त्याची सर्वांत मोठी किंमत बार्बोसाने मोजली. १६ जुलै १९५०, विश्वचषकाचा निर्णायक सामना, रिओचं माराकाना स्टेडियम, अधिकृत आकड्यानुसार १,७३,८५० प्रेक्षक. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती आणि ७९व्या मिनिटापर्यंत ती होतीही. मग उरुग्वेच्या घिग्जियाने जवळच्या खांबाशेजारून चेंडू आत सारला. खेळले अकरा जण, पण २०००मध्ये मरेपर्यंत तो गोल एकट्या गोलरक्षक बार्बोसाच्या डोक्यावर राहिला. इथे निसटण्याचा क्षण आणि हरण्याचा क्षण एकच होता, म्हणून बहुधा तो एवढा जड झाला.

माझ्या या गृहीतकाला छेद देणारं उदाहरणही आहे, ते लपवत नाही. १९९९चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना बायर्न जवळजवळ पूर्ण वेळ १-० ने पुढे होता. भरपाईच्या वेळेत मँचेस्टर युनायटेडच्या शेरिंगहॅमने बरोबरी साधली आणि पाठोपाठ सोलस्कयारने सामना खिशात घातला. इथे दुसरा गोलच जास्त गाजला. पण तो जास्त आठवतो तो युनायटेडवाल्यांना, आणि जगाने ही गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकली आहे.

जिंकणाऱ्यांचं आणि हरणाऱ्यांचं आठवणं खरोखरच वेगळं असतं. अमेरिकी बेसबॉलमध्ये २००३ साली यांकीज संघाने रेड सॉक्सला निर्णायक सामन्यात हरवलं आणि पुढच्याच वर्षी रेड सॉक्सने उट्टं काढलं. ब्रेस्लिन आणि सेफर यांनी दोन्ही संघांच्या १,५६३ चाहत्यांना दोन्ही सामन्यांचे तपशील विचारले. ज्याचा त्याला आपला जिंकलेला सामना जास्त अचूक आठवत होता. कारण साधं: जिंकलेला सामना आपण पुन्हा पुन्हा पाहतो, त्याबद्दल वाचतो, बोलतो. हरलेल्या सामन्याच्या क्षणचित्रांना हातही लावत नाही. मी फातोर्ड्याचा तो सामना नंतर कधीच पाहिला नव्हता, त्यामुळे माझं सांगणं तपासणारं कुणी नव्हतं.

हरल्याचं दुःख मात्र आनंदापेक्षा मोठं असतं. ब्रिटनमध्ये एका मोबाइल अ‍ॅपवर हजारो लोक दिवसभरातली आपली मनःस्थिती नोंदवायचे. डॉल्टन आणि मॅकेरन या संशोधकांनी त्या नोंदी फुटबॉलच्या निकालांशी ताडून पाहिल्या. आपला संघ जिंकल्यावर जेवढा आनंद वाढतो, त्याच्या साधारण दुप्पट तो हरल्यावर घटतो. हिशेब असा तोट्याचा, तरी माणसं पुढच्या शनिवारी पुन्हा हजर!

हा तोट्याचा धंदा चालतो कसा? १९७६मध्ये रॉबर्ट चाल्डिनी यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. कॉलेजचा संघ जिंकला की मुलं ‘आपण जिंकलो’ म्हणत, हरला की ‘ते हरले’. आपल्याकडेही क्रिकेटच्या वेळी हे व्याकरण चालतंच. पण कट्टर फुटबॉल चाहत्यांमध्ये उलटंही दिसतं. मार्था न्यूसन आणि सहकाऱ्यांनी प्रीमियर लीगच्या क्लबांच्या सातशेहून अधिक चाहत्यांचा अभ्यास केला. दहा वर्षं सपाटून मार खाल्लेल्या क्लबांच्या चाहत्यांमध्ये आपसातला जिव्हाळा यशस्वी क्लबांच्या चाहत्यांपेक्षा जास्त आढळला. एकत्र सोसलेलं माणसांना बांधतं आणि त्या सोसण्याची गोष्ट सांगत राहणं हा त्या बांधणीचाच भाग असतो. अ‍ॅटलेटिको दुसऱ्या श्रेणीत घसरला होता तेव्हा क्लबने एक जाहिरात केली होती. गाडीत मागे बसलेला मुलगा बापाला विचारतो, ‘बाबा, आपण अ‍ॅटलेटिकोचे का आहोत?’ बापाला उत्तर सुचत नाही. श्वार्झेनबेकचा फटका ज्यांच्या जन्माआधीचा, त्यांनाही तो टोचतो, तो अशाच गाड्यांमधून मागच्या सीटपर्यंत पोचलेला असतो.

जाता जाता फातोर्ड्याची एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी गोव्याचा प्रशिक्षक होता झिको. तोच झिको, जो ५ जुलै १९८२ला विश्वचषकात बार्सिलोनात, बरोबरी पुरेशी असताना, ब्राझीलकडून इटलीविरुद्ध ३-२ असा हरला होता. आणि फातोर्ड्यात समोरच्या बाकावर चेन्नईचा प्रशिक्षक होता इटलीचा मार्को मातेराझ्झी. निकाल पुन्हा ३-२. याला विज्ञान काही म्हणत नाही, योगायोग म्हणून सोडून देतं. गोव्यातला चाहता सोडून देईल असं नाही.

परवा शेवटी त्या सामन्याची क्षणचित्रं लावली. मेंडोझाचा गोल दोनदा मागे नेऊन पाहिला. आता कुणी विचारलं तर क्रम बरोबर सांगतो: आधी स्वयंगोल, मग मेंडोझा, ३-२. पण सांगताना डोळ्यांसमोर अजून कट्टीमनीच येतो.