मोटारीचं बिग-ब्लॉक इंजिन बोटीत ‘तसंच’ बसतं का?

“ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, तोच असतो. जुन्या ट्रकचं इंजिन बांधून बोटीत टाका, बोटीसाठीच्या तयार मरीन इंजिनावर पैसे कशाला घालवता?” हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे: शेवरलेचं ४५४ घन इंचांचं, म्हणजे ७.४ लिटरचं बिग-ब्लॉक (मोठ्या आकाराचं व्ही-८ इंजिन) मोटारींतही होतं आणि बोटींतही. घोळ पुढे आहे.

मोटार वेग पकडला की हलक्या थ्रॉटलवर धावते. बोटीला पाणी सतत अडवतं, त्यामुळे इंजिन तासन्‌तास भारी लोड ओढतं. वॉल्व्ह उघडणारा-मिटणारा कॅमशाफ्टही बोटीला साजेसा लागतो. ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ) जास्त असलेला कॅम घातला, तर आयडलवर एक्झॉस्टमधून बाहेर सोडलं जाणारं कूलिंगचं पाणी उलटं सिलिंडरमध्ये खेचलं जाऊ शकतं. मग वॉल्व्ह गंजतात.

सर्वांत गंभीर गोष्ट आगीची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. मोटारीच्या स्टार्टरची किंवा अल्टरनेटरची एक ठिणगी तिला पुरते. म्हणून मरीन स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, कार्बुरेटर आणि फ्लेम अरेस्टर (इंजिनातली ज्वाळा बाहेर येऊ न देणारा भाग) लागतातच. इथे काटकसर करूच नका!

हे सगळं वेगळं घ्यायचं म्हटलं की स्वस्ताईचं गणित कोलमडतं. स्वतःचं मरीन इंजिन असेल, ब्लॉकला तडा नसेल आणि मशिनिस्ट भरवशाचा असेल, तर जरूर बांधा. खाऱ्या पाण्याने वॉटर जॅकेट (ब्लॉकमधल्या कूलिंगच्या पाण्याच्या वाटा) आतून खाल्लं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: वॉरंटीसह तयार इंजिन घ्या.