एलईडी पथदीप आणि गोव्यातील ग्रामसभा: पार्श्वभूमी

पथदिव्यांचा विषय ग्रामसभेत निघतो तो बहुधा तक्रार म्हणून. वाड्यावरचा दिवा पेटत नाही, पंचाला सांगून झाले, लाइनमन येऊन गेला, दिवा तसाच. एलईडी आले तेव्हा गावाला विचारले होते का, हा प्रश्न मागाहून, असाच तक्रारीच्या ओघात पुढे आला.

मुक्तीनंतर पंचायती आल्या आणि वीजखात्याच्या तारा गावोगाव पोचल्या. तेव्हापासूनची वाटणी साधी होती. खांब आणि तारा खात्याच्या; दिवा कोणत्या तिठ्यावर हवा हे सांगायचे पंचाने. कागदावर मात्र गावाचे अंग थोडे लंगडेच राहिले. १९९२च्या घटनादुरुस्त्यांनी कामांच्या दोन याद्या दिल्या. पालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत पथदिव्यांचा थेट उल्लेख आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत ग्रामीण विद्युतीकरण आहे, अपारंपरिक ऊर्जा आहे, पण पथदीप हा शब्द नाही. त्यामुळे शहरात जे पालिकेचे काम म्हणून उघड मांडता येते, ते गावात विनंतीच्या सुरात मागावे लागते.

ग्रामसभांना खरा आवाज फुटला तो २००६-०७च्या आंदोलनात, जे राज्याच्या जमीनवापराच्या 'प्रादेशिक आराखडा २०११'विरोधात होते. तो आराखडा रद्द झाला, पुढच्या आराखड्यासाठी गावपातळीवर समित्या नेमल्या गेल्या आणि आपल्याला विचारल्याशिवाय गावात काही होऊ नये ही अपेक्षा लोकांच्या अंगवळणी पडली. पथदिवे बदलण्याची मोहीम आली ती या वातावरणात.

जानेवारी २०१५मध्ये राष्ट्रीय पथदीप कार्यक्रम सुरू झाला. देशभर १ कोटी ३४ लाख दिवे बदलण्याचे उद्दिष्ट होते. आधीचा खर्च केंद्राच्या मालकीच्या कंपनीने करायचा, साधारण सात वर्षे देखभाल तिनेच पाहायची आणि वाचलेल्या विजेच्या पैशांतून हप्ते फेडायचे. तिजोरीला झळ न लावणारी योजना कोण नाकारील? गोव्यात ती वीजखात्यामार्फत राबवली गेली. करार वरच्या पातळीवर झाला. खाली आले ते नवे दिवे आणि तक्रारीसाठी एक क्रमांक.

खरा वादाचा निर्णय 'जुन्याच्या जागी नवा' हा. खांब तोच, उंची तीच, अंतर तेच. फक्त दिवा बदलायचा. हिशेबाला हे सोयीचे, कारण आधीचे वॅट आणि नंतरचे वॅट वजा केले की बचत हाती येते. ४० वॅटची जुनी ट्यूब तांब्याच्या चोकसह पन्नासेक वॅट घेई. तिच्या जागी १८-२० वॅटचा एलईडी पुरतो. इथे बचत निर्विवाद. सोडियम दिव्याचे गणित वेगळे आहे. तो पिवळा दिवा वॅटमागे प्रकाश मुळात भरपूर देतो, पण चहूकडे उधळतो. एलईडी तोच प्रकाश खाली, नेमका रस्त्यावर टाकतो, आणि बचत मुख्यतः तिथून येते. खांब दूरदूर असतील तर दोन झोतांच्या मध्ये काळोख उरतो. कागदावर रस्ता उजळलेला, पायी जाणाऱ्याला मात्र मधले वळण दिसत नाही. कोणते वळण, कोणता साकव, कोणत्या घराच्या खिडकीत झोत शिरतो, हे वाड्यावरचा माणूस एका फेरीत सांगू शकला असता. ती फेरी योजनेच्या आखणीत नव्हती. माझ्या मते चूक तंत्रज्ञानाची नाही, या गाळलेल्या पायरीची आहे.

किनाऱ्यावर रंगाचा मुद्दा आला. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका तो पिवळा. सोडियमचा प्रकाश २,००० केल्विनच्या आसपास, पिवळा. थंड पांढरा एलईडी ५,०००च्या पुढचा, निळसर छटेचा. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग येथे सागरी कासवे अंडी घालतात. पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात, म्हणून किनाऱ्याकडे जाणारा पांढरा झोत त्यांना समुद्राऐवजी रस्त्याकडे ओढतो. अशा ठिकाणी वॅटपेक्षा रंग आणि झोताची दिशा ठरवणे गरजेचे.

दुरुस्तीच्या नव्या पद्धतीने गावाच्या हाती उरलेला धागाही तुटला. ट्यूब, स्टार्टर, चोक म्हापशाच्या नाहीतर फोंड्याच्या बाजारात मिळत. पंच सामान आणून देई, लाइनमन चढे, काम होई. नियमात बसणारे नसेल, पण संध्याकाळी उजेड असे. एलईडीत बहुधा आतला ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज बेताने पुरवणारा भाग, जातो. पावसाळ्यातल्या विजांनी दाब उसळला की हमखास. मग अख्खा दिवा उतरवायचा, हमी असल्याने गावात कोणी हात लावायचा नाही, आणि बदली दिवा येईपर्यंत थांबायचे. केंद्रीय नियंत्रण पेटीवरून फिडर, म्हणजे अनेक दिव्यांना वीज नेणारी वाहिनी, चालू आहे एवढे कळते. एखादा दिवा गेला आहे हे सांगायला अजून रहिवासीच लागतो.

आता काही ग्रामसभांतून मागणी निघते ती खांबनिहाय यादीची: क्रमांक, वॅट, बसवल्याची तारीख, हमीची मुदत. देखभालीचे करार संपल्यावर दिवे कोणाच्या ताब्यात जाणार आणि सुट्या भागांचा खर्च खाते उचलणार की पंचायत, याचे उत्तर त्या यादीवाचून देता येणार नाही.