ऑनलाइन खात्यात जतन केलेले कार्ड काढून टाकणे: पात्रता, लागणारी माहिती आणि प्रक्रिया

खरेदीच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपमध्ये डेबिट अथवा क्रेडिट कार्ड एकदा जतन केले की पुढच्या वेळी सोळा आकडे पुन्हा भरावे लागत नाहीत. तेच कार्ड काढायची वेळ आली की बहुतेक जण ‘काढून टाका’ हे बटण दाबतात आणि काम झाले असे समजतात. परंतु कार्ड जतन करण्याची संमती आणि त्या कार्डावरून दरमहा किंवा दरवर्षी आपोआप पैसे कापण्याची संमती या दोन वेगळ्या संमती आहेत. म्हणून त्या मागेही वेगवेगळ्या घ्याव्या लागतात.

आधी खात्यात नेमके काय जतन असते ते पाहू. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 1 ऑक्टोबर 2022 पासून भारतातील व्यवहारांसाठी कार्ड देणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारखे कार्ड नेटवर्क यांच्याखेरीज कोणालाही कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवता येत नाही. व्यापाऱ्याकडे राहते ते टोकन, म्हणजे कार्ड क्रमांकाऐवजी वापरला जाणारा संकेतांक. तुम्हाला पडद्यावर दिसतात ते कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि बँकेचे नाव. एका व्यापाऱ्यासाठी तयार झालेले टोकन दुसऱ्याकडे चालत नाही, त्यामुळे एकच कार्ड पाच ठिकाणी जतन केले असेल तर ते पाचही ठिकाणांहून काढावे लागते. टोकन तयार करणे ऐच्छिक आहे आणि त्यासाठी ग्राहकाकडून शुल्क घेता येत नाही.

पात्रतेचा प्रश्न सोपा आहे. कार्ड ज्याच्या नावावर आहे त्याला ते केव्हाही काढता येते, त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. कुटुंबातील दुसऱ्याच्या खात्यात तुमचे कार्ड जतन असेल आणि ते खाते तुम्हाला उघडता येत नसेल, तर पुढे सांगितल्याप्रमाणे बँकेकडून टोकन रद्द करता येते. या कामासाठी आधार, पॅन किंवा कार्डाची छायाप्रत लागत नाही. खात्याचा पासवर्ड, बँकेत नोंदवलेला मोबाइल चालू असणे आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे एवढे पुरते. कार्ड काढून देतो असे सांगून कोणी फोनवर ओटीपी, पिन किंवा सीव्हीव्ही मागितला तर तो फसवणुकीचाच प्रयत्न समजावा, कारण हे काम तुम्ही स्वतःच्या खात्यात शिरून करायचे असते. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ग्राहक सेवा क्रमांकावर यासाठी कधीही फोन करू नये, ही विनंती मी विशेषतः ज्येष्ठ वाचकांना करतो.

आता क्रम. सुरुवात कार्डापासून न करता चालू वर्गणीपासून करावी. चित्रपट, संगीत, क्लाउड साठवण, वर्तमानपत्र, विम्याचा हप्ता यांपैकी काही त्या कार्डावर लावले आहे का ते पाहावे आणि नको असलेली वर्गणी त्या सेवेच्या खात्यातून रद्द करावी. वर्गणी चालू असताना आणि दुसरे कार्ड नोंदलेले नसताना अनेक सेवा एकमेव कार्ड काढू देत नाहीत. कार्ड निघत नसेल तर कारण बहुधा हेच असते. त्यानंतर बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर कार्डावरील ई-मँडेटची, म्हणजे आपोआप पैसे कापण्यासाठी दिलेल्या संमतींची, यादी उघडून तेथील नोंदही रद्द करावी. त्यासाठी ओटीपी येतो. आपोआप कपात होण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने व्यापाऱ्याचे नाव, रक्कम आणि तारीख कळवावी असा नियम आहे आणि त्या संदेशातून तो एक व्यवहार किंवा संपूर्ण मँडेट नाकारता येते. फास्टॅगमध्ये आपोआप पैसे भरण्याच्या सोयीला मात्र ही आगाऊ सूचना लागू नाही, म्हणून ती नोंद आठवणीने तपासावी.

यानंतर खात्यातील ‘पेमेंट पद्धती’ किंवा ‘जतन केलेली कार्डे’ हा विभाग उघडावा, शेवटच्या चार आकड्यांवरून कार्ड ओळखावे आणि ते काढून पुष्टी द्यावी. एखाद्या वस्तूचा परतावा येणे बाकी असेल तर तो जमा होईपर्यंत थांबणे बरे. कार्डावर घेतलेले मासिक हप्ते मात्र कार्ड काढल्याने थांबत नाहीत, कारण ते कर्ज बँकेकडे असते. यूपीआय ऑटोपे, म्हणजे यूपीआयवरून आपोआप पैसे कापण्याची सोय, हीदेखील स्वतंत्र आहे, ती यूपीआय अ‍ॅपमधून बंद करता येते.

शेवटची पायरी बँकेकडची आहे आणि तीच सर्वाधिक वेळा राहून जाते. कोणकोणत्या व्यापाऱ्यांकडे आपल्या कार्डाचे टोकन आहे याची यादी ग्राहकाला दाखवणे आणि त्यातील कोणतेही टोकन रद्द करू देणे हे कार्ड देणाऱ्या बँकेवर बंधनकारक आहे. विसरलेली, बंद पडलेली किंवा पासवर्ड हरवलेली खाती येथेच सापडतात. कार्डाचे नूतनीकरण झाले किंवा ते बदलून मिळाले, तर नवे कार्ड जुन्या व्यापाऱ्यांशी जोडण्यापूर्वी बँकेने तुमची स्पष्ट संमती घेतली पाहिजे. तो प्रश्न समोर आला की घाईने ‘होय’ म्हणू नये.

घरातील व्यक्तीचे निधन झाले असेल, तर तिच्या पासवर्डने खात्यात शिरून एकेक कार्ड काढत बसू नये. मृत्यूचा दाखला आणि स्वतःचे ओळखपत्र घेऊन शाखेत लेखी अर्ज द्यावा, कार्डे बंद करून घ्यावीत आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी. दुःखाच्या दिवसांत हे काम मागे पडते आणि दरम्यान वर्गण्या कापल्या जात राहतात.

कार्ड काढूनही रक्कम कापली गेली, तर व्यापाऱ्याकडे आणि बँकेकडे त्याच दिवशी लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्यावा. कार्ड काढल्याच्या पुष्टीचे चित्र सोबत जोडावे. व्यवहार अनोळखी असेल तर कार्ड ताबडतोब बंद करून 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते. त्याविषयीची माहिती 14448 या क्रमांकावर मिळते.